कोसबाडच्या अनुताई वाघ: एका बालवाडीच्या बाईंची आठवण

माळरान (धागाकर्ती)

१७ मार्च हा अनुताई वाघांचा जन्मदिवस. साल १९१०, गाव मोरगाव. दरवर्षी या सुमाराला त्यांच्यावर कुठे ना कुठे चार ओळी येतात. त्यात पद्मश्री (१९८५) असते, 'आदिवासी भागातले मोलाचे कार्य' असतं, आणि विषय संपतो. मला त्यांच्याबद्दल जरा निराळं लिहायचंय. अनुताई सगळ्यात आधी बालवाडीच्या बाई होत्या. नाक वाहणाऱ्या, आईचा पदर न सोडणाऱ्या, अनोळखी माणूस दिसला की झाडामागे पळणाऱ्या मुलांत त्यांनी आयुष्याची सत्तेचाळीस वर्षं काढली. मोठ्यांना शिकवतो तो विद्वान आणि छोट्यांना सांभाळते ती बाई, असा आपला सरळ हिशोब असतो. म्हणून अशा माणसांची आठवण निघाली तरी त्यांच्या कामाची आठवण निघत नाही.

तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या काळात अशा मुलीच्या पुढ्यात काय वाढून ठेवलेलं असायचं ते वेगळं सांगायला नको. अनुताई शिकल्या. ट्रेनिंग कॉलेज करून शिक्षिका झाल्या, आधी चांदवडला, मग पुण्यात हुजूरपागेत. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. पुण्यातली चांगली नोकरी होती, मान होता. कुणी नाव ठेवलं नसतं, तिथेच निवृत्त झाल्या असत्या.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांसाठी शिबिर झालं, तिथे त्यांना ताराबाई मोडक भेटल्या. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या, अनुताई ३५ च्या. शहरात बालशिक्षणाचं काम नावारूपाला आणून ताराबाई खेड्यात नव्यानं सुरुवात करायला निघाल्या होत्या आणि त्यांना सोबत हवी होती. अनुताई त्यांच्याबरोबर ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या बोर्डीला गेल्या आणि मग परत आल्याच नाहीत.

बोर्डीत काय झालं, ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. बालवाडी काढली, पण मुलं येईनात. येणार कशी? आईबाप उजाडताच कामावर जाणार. पाचसहा वर्षांची पोर कडेवर धाकटं भावंड घेऊन दिवसभर घर राखणार. नवी इमारत, नव्या बाई, यांची त्या मुलांना भीती. अशा वेळी आपण म्हणतो, लोकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. या दोघींनी तसं म्हटलं नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जायचं, हे त्यांनी ठरवलं आणि वस्तीतल्याच एखाद्या अंगणात शाळा मांडली. आंघोळ, केस विंचरणं, नखं काढणं इथपासून सुरुवात. मग गाणी, गोष्टी, मातीकाम, पानं-बिया-शंख यांची मांडामांड. परदेशी साधनं परवडणारी नव्हती आणि त्या मुलांना ती जवळचीही वाटली नसती.

पुढे हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे 'विकासवाडी' उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. यामागचा विचार फार साधा आणि फार खोल आहे. थोरली मुलगी शाळेत यायला हवी असेल तर तिच्या कडेवरच्या बाळाची सोय आधी करायला हवी. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली पहिलीत. आणि जी मुलं गुरं राखायला जात होती त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. मोठ्यांसाठी रात्रशाळा.

अनुताईंची श्रद्धा कशावर होती असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. कुठलंही मूल शिकतंच, ते शिकत नसेल तर आपली मांडणी चुकतेय. ही श्रद्धा त्यांनी बोलून दाखवण्यापेक्षा रोज सकाळी आंघोळीचं पाणी काढून पाळली.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. त्यानंतर सगळा भार अनुताईंवर आला, आणि त्यांनी तो २७ सप्टेंबर १९९२ ला स्वतः जाईपर्यंत वाहिला.

त्यांच्याबद्दल अजून माहिती असेल तर जरूर लिहा. आणि तुमच्या आयुष्यात अशा कुणी बालवाडीच्या बाई असतील तर त्यांच्याबद्दलही लिहा. त्यांच्यावर एरवी कोण लिहिणार?

---

निळाई

फार सुंदर लिहिलंय. थोरल्या मुलीच्या कडेवरच्या बाळाचा मुद्दा वाचून थांबले. माझी आजी तिसरीतून शाळा सोडून घरी बसली ती नेमकी याच कारणानं, पाठच्या भावाला सांभाळायला. तिच्या गावात पाळणाघर असतं तर, हा विचार दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

---

जुना_वाचक

धागा उत्तम. ताराबाईंबद्दल थोडी भर घालतो, कारण ही दोन नावं वेगळी काढता येत नाहीत.

ताराबाई १८९२ च्या. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजातले. १९१४ मध्ये ताराबाई बी.ए. झाल्या. तेव्हा पदवीधर बाई हीच मोठी नवलाची गोष्ट होती. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, संसार टिकला नाही, लहान मुलगी घेऊन स्वतंत्र झाल्या. राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल झाल्या. मग भावनगरला गिजुभाई बधेका यांचं बालमंदिराचं काम कानावर आलं आणि १९२३ च्या सुमारास त्या प्रिन्सिपॉलची खुर्ची सोडून तिकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. गुजरातेत त्यांना प्रेमानं 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशावाली आई. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालशिक्षणाची नवी पद्धत घडवणाऱ्या इटलीच्या मॉंटेसरीबाई स्वतः भारतात आल्या १९३९ मध्ये, म्हणजे त्याआधीच आपल्याकडे त्यांच्या पद्धतीचा अभ्यास करून तिला इथलं रूप देणं चालू होतं. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

मला भावतं ते हे की ताराबाईंनी प्रत्येक वेळी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर जायचं ठरवलं. कॉलेजातून बालमंदिरात, शहरातून खेड्यात, खेड्यातून पाड्यावर. पद्मभूषण १९६२ मध्ये मिळालं तेव्हा त्या कोसबाडलाच होत्या.

---

माळरान

जुना_वाचक, मनापासून आभार. एक गोष्ट तुमच्या प्रतिसादामुळे अजून ठळक झाली. दोघींचा रूढ अर्थानं संसार झाला नाही. एकीचा मोडला, एकीचा सुरूच झाला नाही. बाईनं संसारात हरलं की मग समाजकार्य करावं, अशी एक दया दाखवणारी नजर असते, ती मला त्यांच्याकडे वळवावीशी वाटत नाही. त्या दोघींनी मिळून जे घर उभं केलं त्यात माणसं येत राहिली, शिकून गेली, काही राहिली. ताराबाईंच्या उतारवयात अनुताई त्यांच्याजवळ होत्या. गुरू-शिष्या म्हणा, मायलेकी म्हणा, सहकारी म्हणा. अठ्ठावीस वर्षं एका कामात, आधी बोर्डीत, मग एका टेकडीवर. याला संसार नाही तर काय म्हणायचं?

---

घोलवडकर

आमच्याकडचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. एरवी फक्त वाचतो.

बाहेरच्यांसाठी भूगोल सांगतो. घोलवड स्टेशनला उतरलात की एका बाजूला समुद्र आणि बोर्डी, दुसऱ्या बाजूला कोसबाडची टेकडी. मध्ये चिकूच्या वाड्या. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा होता, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. किनाऱ्याला बागायतदार, आत डोंगराकडे वारली पाडे. अंतर फार नाही, पण त्या काळी ती दोन वेगळी जगं होती.

आणि १९४५ हे साल नीट लक्षात घ्या. त्याच वर्षी तलासरी-डहाणू भागात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्ध लढा पेटला. जमीनदाराकडे फुकट राबायचं, लग्नासाठी कर्ज काढलं की जन्मभर त्याच्या घरचा 'लग्नगडी' व्हायचं, अशी परिस्थिती. अशा वेळी पांढऱ्या लुगड्यातल्या दोन शहरी बाया पाड्यावर येऊन 'मुलं आमच्याकडे द्या' म्हणतात, तर लोकांनी दारं लावून घेतली यात नवल काय? बाहेरून येणारा प्रत्येक माणूस तोवर काहीतरी काढून न्यायलाच आला होता. विश्वास बसायला वर्षं गेली असणार, आणि ती वर्षं या बायांनी दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आचार्य भिसे यांचंही नाव इथे घ्यायला हवं. बोर्डीच्या शाळेत त्यांनी पिढ्या घडवल्या आणि आदिवासींच्या शिक्षणासाठीही ते झटले. बोर्डीत शिक्षणाची माती आधीपासून तयार होती, म्हणून ताराबाईंनी हे गाव निवडलं असावं.

---

प्रश्नार्थक

आदर आहेच, पण एक शंका मांडतो. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं, हे वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. 'तुम्ही अस्वच्छ आहात, आम्ही तुम्हाला स्वच्छ करतो' असा सूर त्यात येत नाही का? वारल्यांकडे स्वतःची भाषा, चित्रं, गाणी, कणसरीसारखी धान्याची देवता, जंगलाचं अफाट ज्ञान होतं. बाहेरून आलेल्या शिक्षणानं त्यातलं किती पुसलं? आजही आश्रमशाळेत गेलेल्या मुलाला घरची भाषा बोलायची लाज वाटते. या प्रश्नाची सुरुवात कुठेतरी अशा बालवाड्यांपासूनच झाली नसेल ना?

---

घोलवडकर

प्रश्नार्थक, शंका रास्त आहे, आश्रमशाळांबद्दल तर शंभर टक्के. निवासी शाळेत मूल घरापासून तुटतं. पण अंगणातली शाळा त्याच्या बरोबर उलटी आहे. तिथे आई, आजी, शेजारी सगळे बघतायत. बाई चुकीचं काही करेल तर दुसऱ्या दिवशी अंगण मिळणार नाही. घर मुलाच्या मागे नाही, समोर उभं आहे.

आंघोळीचं म्हणाल, तर खरूज आणि डोळे येणं या गोष्टी त्या काळी पाड्यावर किती होत्या ते जुनी माणसं अजून सांगतात. ज्या मुलाचं अंग रात्रभर खाजतंय ते गाणं काय म्हणणार? आणि नुसतं 'आंघोळ करून या' असा हुकूम सोडणं सोपं होतं. इथे बाई स्वतः पाणी काढून, मुलाला पुढ्यात घेऊन आंघोळ घालत होती. पाड्यावरच्या मुलाला त्या काळात बाहेरच्या कुणी बाईनं हात लावणं ही साधी गोष्ट नव्हती.

---

माळरान

प्रश्नार्थक, तुमचा प्रश्न टाळणार नाही. मध्यमवर्गीय घरातून आलेल्या बायका होत्या, 'संस्कार' हा शब्द त्यांच्या काळात सर्रास वापरात होता, आणि आज वाचताना त्यातल्या काही गोष्टी खटकू शकतात. तरी मी त्यांच्या बाजूनं एक सांगेन. काम करता करता शिकण्याची त्यांची तयारी होती. बोर्डीत जे नेलं होतं ते चाललं नाही म्हणून बदललं. बालवाडीची वेळ पाड्याच्या वेळेला जोडली, साधनं पाड्यावरची घेतली. चिंचोके मोजायचे, पानं लहान-मोठी लावायची, वाळूत बोटानं रेघा काढायच्या, शंख-शिंपल्यांच्या रांगा लावायच्या. हे फक्त स्वस्तात भागवणं नाही. ज्या मुलाला शंभर झाडं ओळखता येतात त्याला पानांच्या वर्गीकरणातून गणिताकडे न्यायचं, म्हणजे त्याला आधीच येत असलेल्या गोष्टीला शाळेत मान द्यायचा. प्लास्टिकचे रंगीत ठोकळे देऊन हे होत नाही.

आणि वय सत्तरीच्या पुढे गेल्यावरही त्या थांबल्या नाहीत. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी ग्राममंगल सुरू केलं, दाभोण-ऐने भागात, कोसबाडहून अजून आत. आयुष्यभराची संस्था हाताशी असताना कुणी नव्यानं जंगलाची वाट धरतं का? मूल कसं शिकतं याचा पुन्हा मुळापासून विचार तिथे झाला.

---

अंगणवाडीताई

सगळ्यांना नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे, विदर्भातली. धागा वाचून रात्री उशिरा लिहीत आहे, कारण दिवसा सवड मिळत नाही.

ट्रेनिंगला आम्हाला ताराबाई आणि अनुताई या दोघींचे फोटो दाखवले होते, दोन ओळी सांगितल्या होत्या. एवढं सविस्तर आज वाचलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशात ३३ प्रकल्प होते. आज गावोगाव अंगणवाडी आहे. पण लोक आम्हाला 'खिचडीवाल्या बाई' म्हणतात. शाळापूर्व शिक्षण हे आमच्या सहा सेवांपैकी एक आहे, हे पालकांनाही माहीत नसतं. उरलेल्या पाच म्हणजे पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आरोग्य-आहार शिक्षण.

माझी सकाळ सांगते. मदतनीस ताई मुलं गोळा करून आणते, मी झाडून-पुसून बसकर पट्ट्या घालते. प्रार्थना, हजेरी, बडबडगीत. अर्धा-पाऊण तास नीट शिकवायला मिळाला की गरोदर माता येतात, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटायचा असतो, वजनं घ्यायची असतात. मग मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये माहिती भरायची. रेंज नसली की गावाबाहेरच्या पुलावर जाऊन भरते. एवढ्यात एखादं लेकरू येऊन मांडीवर बसतं. ते बसलं की मी फोन बाजूला ठेवते. मग काम रात्री पूर्ण करते.

अनुताई आंघोळ घालायच्या हे वाचून फार बरं वाटलं. आम्हीही करतो ते. नाक पुसतो, चड्डी ओली झाली तर बदलतो. कुणी बघत नाही, कुठल्या रजिस्टरमध्ये त्याचा रकाना नाही.

---

निळाई

अंगणवाडीताई, तुमचा प्रतिसाद या धाग्याचा जीव आहे. नियमित लिहीत जा.

---

जुना_वाचक

ताईंच्या प्रतिसादाला जोडून. सेविकांना सरकार 'मानधन' देतं, पगार नाही, म्हणजे कागदावर त्या स्वयंसेविका. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. त्यासाठी योजना सुरू झाल्यापासून सत्तेचाळीस वर्षं जावी लागली. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ पासून सेविकांनी बेमुदत संप केला तेव्हा कित्येक ठिकाणी लोकांना पहिल्यांदा कळलं की त्या रोज किती काम करतात.

ताराबाई-अनुताईंनी स्वतःच्या इच्छेनं त्याग केला. तो त्यांचा अधिकार होता. पण त्यांच्या त्यागाचं उदाहरण देऊन पुढच्या लाखो बायांना कमी पैशात राबवायचं, हा त्या दोघींचा वारसा होऊ शकत नाही. सेवेचं कौतुक करणाऱ्यांनी आधी सेवेचा दाम विचारावा असं माझं स्पष्ट मत आहे.

---

प्रश्नार्थक

जुना_वाचक, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. घोलवडकर आणि माळरान, तुमची उत्तरं पटली. भाषेचा मुद्दा मात्र माझ्या मनात उघडाच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि घरच्या भाषेवर भर दिलाय. कागदावर छान आहे. वारली, कोरकू, माडिया बोलणाऱ्या सेविका त्या त्या पाड्यावर नेमल्या तरच त्याला अर्थ.

---

अंगणवाडीताई

भाषेबद्दल सांगते. आमच्या बीटमध्ये (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटात) एका केंद्रावर कोरकू मुलं आहेत. तिथली सेविका त्याच गावची, कोरकूच बोलते. तिच्याकडची मुलं पहिल्याच आठवड्यात खळखळून बोलतात. दुसऱ्या केंद्रावर मराठी बोलणारी सेविका आहे, मनानं फार चांगली, पण मुलं दिवाळीपर्यंत गप्प. तिनं मग एका आजीला रोज गोष्ट सांगायला बोलावलं. आजी कोरकूत सांगते, मुलं हसतात, ही ऐकता ऐकता शिकते. वरून तसा काही आदेश नव्हता.

---

वसईकर

हा प्रतिसाद लिहू की नको असं दोनदा झालं, पण धागाकर्तीनं आपल्या बालवाडीच्या बाईंबद्दल लिहा म्हटलंय म्हणून लिहितो. त्या माझ्या आई होत्या. मागच्या पावसाळ्यात गेल्या.

आम्ही वसईचे कॅथलिक. आई चर्चशेजारच्या बालवर्गात शिकवायची. तिचा दिवस पहाटेच्या मिस्सेनं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीनं, सुरू व्हायचा. मिस्सेहून थेट वर्गात, कारण लवकर कामावर जाणाऱ्या आया मुलं तिच्याकडे सोडून जायच्या. त्या वेळेचे तिला कुणी पैसे देत नव्हतं, तिनंही कधी मागितले नाहीत. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असायची. प्रार्थनेच्या वेळी ती एवढंच सांगायची की डोळे मिटा आणि आज ज्यानं तुम्हाला काही दिलं त्याचे आभार माना. कुणी आईचे मानायचं, कुणी कुत्र्याचे.

घरी आम्ही चार भावंडं, आजी-आजोबा, फुलांची वाडी. वडील पहाटेच्या गाडीनं फुलं घेऊन दादरला जायचे. आई संध्याकाळी गजऱ्याच्या कळ्या खुडता खुडता उद्याच्या गोष्टीची तयारी करायची, आणि ती गोष्ट आधी आमच्यावर तपासायची. आम्ही कंटाळलो की ती गोष्ट बाद. रात्री सगळे मिळून रोझरी म्हणायचो. लहानपणी मला तिचा राग यायचा, की दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना जवळ घेते आणि घरी आली की दमलेली असते. तिला हे माहीत होतं. एकदा म्हणाली, 'तुला पाच माणसं आहेत जवळ घ्यायला. माझ्या वर्गात एक आहे त्याला मीच आहे.' तेव्हा कळलं नव्हतं.

तिच्या शेवटच्या आजारात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. आमची नावं विसरली. पण कुणी लहान मूल खोलीत आलं की तिचा हात आपोआप पुढे व्हायचा, हनुवटी धरून नाक पुसायला. अंत्यविधीला रिक्षावाले, नर्सेस, कोळणी, बँकेतले साहेब, एक पोलीस हवालदार आले होते. फादरांनी विचारलं, तिच्या वर्गात कोण कोण होते? चर्च भरलं होतं, त्यातले निम्म्याहून अधिक लोक उभे राहिले.

तिच्या नावानं पुरस्कार नाही, संस्था नाही. अनुताईंबद्दल वाचताना वाटलं की तिला या बाई फार आवडल्या असत्या.

---

माळरान

वसईकर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आईंना आदरांजली. 'माझ्या वर्गात एक आहे त्याला मीच आहे' हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतलंय.

श्रद्धेबद्दल मी सुरुवातीला जे लिहिलं होतं त्याला तुमच्या प्रतिसादानं वेगळी बाजू दिली. तुमच्या आईंची श्रद्धा पहाटेच्या मिस्सेतून यायची, ताराबाई प्रार्थना समाजाच्या घरातल्या, अनुताई गांधीजींच्या प्रेरणेनं उभ्या राहिलेल्या कस्तुरबा ट्रस्टच्या वाटेनं आल्या. झरे वेगळे, पण पोचल्या सगळ्या त्याच मुलापर्यंत, ज्याला दुसरं कुणी नव्हतं. देवावर विश्वास असणं किंवा नसणं यापेक्षा, त्या विश्वासानं सकाळी आपल्याला कुणाच्या दारात नेऊन उभं केलं, हे मला मोठं वाटतं.

---

घोलवडकर

वसईकर, तुमच्या आईंना नमस्कार.

आमच्याकडची एक गोष्ट राहिली होती. पावसाळा संपला, भात कापलं की पाडेच्या पाडे ओस पडतात. माणसं वीटभट्ट्यांवर, रेतीवर, वसई-भिवंडीकडे कामाला जातात, मुलं अर्थातच बरोबर. मग पाड्यावरची अंगणवाडी आणि शाळा दोन्ही रिकाम्या. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं वीटभट्टीवरच शाळा काढल्या, त्यांना भोंगाशाळा म्हणत. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी. कुरणशाळा ते भोंगाशाळा, विचार तोच, गुरांच्या जागी विटा आल्या. अनुताई गेल्या त्याच वर्षी, १९९२ ला, जव्हारकडे वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली. म्हणजे एवढं काम होऊनही भूक होतीच, आणि स्थलांतर तर आजही आहे. स्थलांतरित मुलाला कुठल्याही अंगणवाडीत आहार मिळायला हवा, हे कागदोपत्री मान्य आहे. पण भट्टीजवळच्या केंद्रात त्याला कुणी घेऊन जातं का, हा प्रश्न दर दिवाळीनंतर नव्यानं उभा राहतो.

---

निळाई

मला एक विचारायचंय. आमच्या सोसायटीच्या मागे बांधकाम चालू आहे, तिथे मजुरांची आठ-दहा लहान मुलं दिवसभर वाळूच्या ढिगावर असतात. रोज तासभर आम्ही दोघी-तिघी जाऊ शकतो. शिकवण्याचं कुठलंच प्रशिक्षण नाही. काय करावं? खाऊ वाटून यायचं नाहीये.

---

अंगणवाडीताई

निळाई ताई, वाळू आहे ना, मग निम्मं साहित्य झालं.

पहिले काही दिवस शिकवू नका. फक्त त्याच वेळेला, त्याच जागी जाऊन बसा. वेळ चुकवू नका, मुलं वाट बघतात. सतरंजी न्या, पाण्याची बादली आणि मग्गा न्या. हातपाय धुवायचा खेळ करा, तुमचेही धुवा. गाणं हातवारे करून म्हणा, भाषा वेगळी असली तरी चालतं. त्यांचं एखादं गाणं असेल तर ते आधी शिकून घ्या. मोठी मुलगी धाकट्याला घेऊन येईल. त्याला तुमच्यापैकी एकीनं घ्या, म्हणजे ती मोकळी होईल. हे फार महत्त्वाचं आहे.

वाळूत रेघा, खडे लहान-मोठे लावणे, बाटलीची झाकणं रंगाप्रमाणे वेगळी करणे, एवढं महिनाभर पुरतं. खिळे, तारा, उघडी टाकी जवळ असेल तर जागा बदला. मुकादमाशी आधी बोला आणि आयांना तुमचा फोन नंबर द्या.

आणि तुमच्या वॉर्डातली अंगणवाडी शोधा. तिथल्या सेविकेला सोबत घेऊन एकदा जा. मुलांची वजनं, लसीकरण आणि आहार तिच्याकडे सुरू करता येईल. गाव सोडून आलेल्या मुलांची नोंद करता येते. ती 'नाही' म्हणाली तर पर्यवेक्षिकेला भेटा. काही अडलं तर इथे लिहा, मी रात्री दहानंतर असते.

---

निळाई

ताई, लिहून घेतलं. उद्या रविवार, मुकादमाला भेटून येते. वसईकर, तुमच्या आईंच्या गोष्टींपैकी, म्हणजे तुम्ही भावंडांनी पास केलेल्यांपैकी, दोन-तीन इथे लिहाल का?

---

वसईकर

लिहितो. तिची सगळ्यात लाडकी गोष्ट एका बेडकाची होती, ज्याला पाऊस पडतो कसा हे विहिरीतून बघायचं असतं. भावंडांना विचारून आज रात्री नीट लिहून काढतो, आवाजांसकट. त्या गोष्टीत आवाज फार आहेत.